शून्य क्रमांकाचा रिकामटेकडा

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण हजेरीपत्रक तपासायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. लॅपटॉप फार रखडतो म्हणून त्यांनी मला बोलावलं, तेव्हा गुन्हेगार त्यांनी आधीच पकडून ठेवला होता. टास्क मॅनेजर उघडलेला होता आणि पडद्यावरच्या एका ओळीवर नानांचं बोट होतं.

“हा बघ. सिस्टिम आयडल प्रोसेस. सत्त्याण्णव टक्के एकटा खातोय. बाकीचे सगळे बिचारे तीन टक्क्यांत भागवतायत.”

“नाना, तो काही खात नाही. तो रिकामा आहे.”

“रिकामा आहे तर मग सत्त्याण्णव टक्के कशाचे?”

“काही न करण्याचे.”

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे काही न करण्याची नोंद ठेवतात?”

“हो.”

“टक्केवारीत?”

“टक्केवारीत.”

“आणि याला काढून टाकला तर?”

तो प्रयोग त्यांनी करून पाहिलाच होता आणि विंडोजने साफ नकार दिला होता. एवढं संरक्षण नानांच्या खात्यात मुख्य अभियंत्यालाही नसावं. ते थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे असं लिहून द्यायची सोय नव्हती रे.” ही तक्रार होती की हळहळ, ते मला नीटसं कळलं नाही.

नानांचा लॅपटॉप का रखडत होता ते पुढे सांगतो. आधी त्या ओळीतल्या महाशयांची ओळख करून द्यायला हवी, कारण संगणकात इतका बदनाम आणि इतका निरुपद्रवी इसम दुसरा नाही.

प्रोसेसर नावाच्या चिपला स्वस्थ बसणं मुळात ठाऊक नाही. एक आज्ञा पार पडली की पुढची, ती झाली की त्याच्या पुढची. करण्यासारखं काहीच नसलं तरी त्याच्या पुढ्यात काहीतरी ठेवावं लागतं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, या कामासाठी एक पदच राखून ठेवतो. विंडोजमध्ये या पदाचा क्रमांक शून्य आणि लिनक्समध्येही शून्यच. प्रोसेसरवर आता कोणाची पाळी हे शेड्युलर ठरवतो. तो आधी सगळी रांग धुंडाळतो आणि रांगेत एकही जण उभा नसेल तरच शून्य क्रमांकाला बसवतो. कोणीही आलं की याने उठायचं. कुरकूर नाही, मुदतवाढ नाही.

लिनक्समधल्या शून्य क्रमांकाची कुळकथा तर ऐकण्यासारखी आहे. यंत्र चालू होतं तेव्हा पहिला हाच असतो. बाकी प्रत्येक प्रोसेसला कोणी ना कोणी जन्म दिलेला असतो. हा मात्र कर्नल घडवतानाच त्यात घातलेला असतो. मेमरीची व्यवस्था लावणं, घड्याळ चालू करणं, शेड्युलर उभा करणं ही सगळी उस्तवार हाच करतो. मग तो १ क्रमांकाला जन्म देतो, ज्याच्यापासून पुढे वापरणाऱ्यांच्या सगळ्या प्रोग्रॅमचा गोतावळा वाढतो. त्यानंतर २ क्रमांक, म्हणजे कर्नलच्या अंतर्गत नोकरचाकरांचा पालक. घर असं मार्गी लागलं की हा वानप्रस्थ घेतो आणि रिकामा बसतो, तो यंत्र बंद होईपर्यंत. चालू प्रोसेसांची यादी मागितली तर तीत त्याचं नावसुद्धा येत नाही. कर्नल कोलमडला आणि त्याचा पंचनामा पडद्यावर उमटला, तर मात्र कधीकधी दिसतं: ‘स्वॅपर’. जुन्या युनिक्समध्ये शून्य क्रमांकाच्या प्रोसेसकडे खरोखरीचं काम होतं. मेमरीत न मावणाऱ्यांना डिस्कवर नेऊन ठेवायचं आणि पाळी आली की परत आणायचं. लिनक्समधला शून्य क्रमांक यातलं काही करत नाही, पण नाव तेच चालत आलंय. पोतनीस आडनावाच्या माणसाकडे आज कोणी खजिन्याच्या किल्ल्या मागत नाही, तसंच हे. आणि आठ कोअरचा प्रोसेसर असेल तर असे आठ स्वॅपर, प्रत्येक कोअरला स्वतंत्र.

तेव्हा कर्नल रिकामा आहे का हे ओळखणं वरवर पाहता अगदी सोपं. जागेवर कोण बसलंय ते बघायचं. शून्य असेल तर रिकामा. एवढ्यावर भागलं असतं तर हा लेखही इथेच संपला असता.

पहिली अडचण येते ती रिकामं असल्याचं कळणं आणि खरोखर स्वस्थ होणं यांच्या मधल्या फटीत. प्रोसेसरला निजवायची एक आज्ञा असते. इंटेलच्या घराण्यात तिचं नाव एचएलटी. ती दिली की प्रोसेसर पुढच्या आज्ञा आणणं थांबवतो आणि बाहेरून कोणी हाक मारेपर्यंत पडून राहतो. हाक म्हणजे इंटरप्ट: कळ दाबली गेली, डिस्कने मागितलेली माहिती आणून दिली, घड्याळाचा ठोका पडला. आता असं समजा, कर्नलने रांग तपासली. कोणी नाही. आता एचएलटी द्यायची. नेमक्या या दोन पायऱ्यांच्या मध्ये, सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावी अशा फटीत, नेटवर्क कार्डाने हाक मारली. कर्नल हातातलं टाकून धावतो, आलेलं काम रांगेत लावतो आणि जिथे होता तिथे परत येतो. होता कुठे? रांग तपासून झाली होती, पुढची पायरी निजण्याची होती. तो निजतो. दारात काम उभं आहे आणि हे घोरताहेत, पुढची हाक येईपर्यंत!

यावर उपाय असा की रांग तपासण्याआधीच कानांत बोळे घालायचे. सगळ्या हाका बंद. मग निवांत रांग बघायची, कोणी नसेल तर बोळे काढायचे आणि निजायचं. पण हुशार वाचकाच्या लक्षात आलं असेल की फट बुजली नाही, फक्त सरकली. बोळे काढणं आणि निजणं यांच्या मध्ये हाक आली तर पुन्हा तोच घोटाळा. इथे चिप घडवणाऱ्यांनी जे केलंय ते बघून टोपी काढावीशी वाटते. कान उघडायची आज्ञा, एसटीआय, ही दिल्याबरोबर लागू होत नाही. तिच्यानंतरची एक आज्ञा पार पडेपर्यंत कान बंदच राहतात. म्हणून एसटीआय आणि तिच्या अगदी पाठीला पाठ लावून एचएलटी अशा दोन आज्ञा दिल्या की कान उघडतात ते थेट झोपेतच. दरम्यान कोणी हाक मारून ठेवली असेल तर झोप लागल्या क्षणी जाग येते. मध्ये कोणाला शिरायला जागाच नाही. जगातल्या कितीतरी यंत्रांची स्वस्थता या दोन चिमुकल्या आज्ञांच्या शेजारधर्मावर उभी आहे.

एचएलटी काही नवी नव्हे. १९७८ साली आलेल्या ८०८६ या चिपमध्येही ती होती. पण टेबलावरचे संगणक भिंतीतल्या विजेवर चालत, त्यामुळे ती वापरायची कोणाला फारशी निकड नव्हती. आपल्याकडे त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, आत थंडगार वातानुकूलन, यंत्रावर शिवून घेतलेली झालर. माणसांना पंखा आणि संगणकाला एसी असा तो न्याय होता. त्या गारव्यात बसून प्रोसेसर काम नसतानाही ‘काही आहे का, काही आहे का’ असं विचारत जागच्या जागी गरगरत तापत असे, हे कोणाच्या गावीही नव्हतं. विंडोज ९५ घडवणाऱ्यांनी निजायची आज्ञा घालून पाहिली होती. पण काही लॅपटॉप ती मिळाल्यावर असे गोठत की पुन्हा उठतच नसत. म्हणून त्यांनी ती काढून टाकली. मग बाहेरच्या उद्योगी मंडळींनी ‘रेन’, ‘सीपीयूआयडल’ असे छोटेखानी प्रोग्रॅम लिहिले. त्यांचं काम एकच: रिकाम्या प्रोसेसरला निजवणं. तेवढ्याने चिप गार राही.

लिनक्सने या बाबतीत मध्यमवर्गीय सावधगिरी बाळगली. नव्वदच्या दशकातला लिनक्स चालू होताना पडद्यावर ज्या ओळी सरसर जात, त्यांत एक असे: ‘चेकिंग एचएलटी इन्स्ट्रक्शन’, आणि क्षणभराने पुढे ‘ओके’. म्हणजे कर्नल काम सुरू करण्यापूर्वी लागोपाठ चार वेळा झोप घेऊन बघायचा की या घरात जाग येते ना! ‘ओके’ उमटलंच नाही तर समजायचं की या यंत्राला निजवण्यात धोका आहे, आणि पुढच्या खेपेला ‘नो-एचएलटी’ अशी चिठ्ठी देऊन त्याला जागंच ठेवायचं. कामावर रुजू होताना झोपेची चाचणी देणारा कर्मचारी मी तरी दुसरा पाहिला नाही.

हे झालं स्वतःचं रिकामपण ओळखण्याबद्दल. दुसऱ्याचं ओळखायचं तर खरी पंचाईत. डॉसच्या जमान्यात एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले आणि यंत्र आपल्या एकट्याचंच आहे अशा थाटात तो वागे. तुम्ही अक्षर टंकायची वाट बघताना तो कीबोर्डला एकसारखं विचारत राही: कळ दाबली का? आता? आता? पुढे विंडोज ३.१ आली आणि असे दोन-चार डॉस प्रोग्रॅम शेजारी शेजारी खिडक्यांत चालवायची वेळ आली. आता ओळखायचं कसं की याला खरंच काम आहे, की हा नुसता कळीची वाट बघत गरगरतोय? बाहेरून दोघेही सारखेच व्यग्र दिसतात. दोघेही प्रोसेसर पूर्ण वापरतात.

तेव्हा पीआयएफ एडिटर नावाच्या एका रुक्ष खिडकीत एक चौकट आली: ‘डिटेक्ट आयडल टाइम’. तिच्यात फुली असली की विंडोज त्या प्रोग्रॅमवर नजर ठेवायची. हा कीबोर्डला वारंवार विचारतोय आणि दर वेळी नकार येतोय? मग हा रिकामाच असला पाहिजे, काढून घ्या याचा वेळ, द्या दुसऱ्याला. आयबीएमच्या ओएस/२मध्ये तर हा संशय किती तीव्र असावा याचा आकडासुद्धा ठरवता येई. युक्ती चांगली, पण तिच्यात एक सज्जन हकनाक भरडला जाई. लांबलचक हिशेब करणारा एखादा प्रोग्रॅम अधूनमधून वळून विचारायचा, ‘मालकांनी एस्केप तर नाही ना दाबली?’ हेतू एवढाच की तुम्हाला थांबवावंसं वाटलं तर थांबवता यावं. त्याच्या या सौजन्याची गणना आळसात होऊन त्याचाच वेळ कापला जायचा. म्हणून सल्ला असे की प्रोग्रॅम रखडत असेल तर ही फुली काढून बघा.

खरं म्हणजे डॉस प्रोग्रॅमला ‘मी रिकामा आहे, माझी पाळी दुसऱ्याला द्या’ असं स्वतःहून सांगायची रीतसर सोयही केलेली होती. इंटरप्ट २एफ, आत १६८० हा आकडा. दोन-तीन आज्ञांचं काम. पण ती वापरायची तसदी फार थोड्यांनी घेतली. आणि का घ्यावी? सांगणाऱ्याच्या पदरात काही पडत नव्हतं. सुटलेला वेळ शेजाऱ्याला मिळायचा. तेव्हा ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्याने अंदाज बांधले. अंदाजावर चाललेल्या कारभारात जे होतं तेच झालं.

आधुनिक कर्नलने हा तिढा सोडवला तो गोडीगुलाबीने नव्हे, व्यवस्था बदलून. आता प्रोग्रॅमला कळ हवी असेल तर तो कर्नलकडे एकदाच मागणी नोंदवतो आणि निजतो. कळ येईल तेव्हा कर्नल त्याला उठवतो. वाट पाहणं म्हणजेच रांगेबाहेर होणं. गरगरत बसून मिळवण्यासारखं काही उरलंच नाही, त्यामुळे बहुतेक जण निमूटपणे निजू लागले.

बहुतेक म्हणालो, सगळे नव्हे. शिवाय कर्नल स्वतःच स्वतःला झोपू देत नव्हता. लिनक्समध्ये पूर्वी पीसीवर घड्याळाचा ठोका सेकंदाला १०० वेळा पडे. २.६ मालिकेत तो १००० वर नेला, पुढे २५०चा तोडगा निघाला. काम असो वा नसो, प्रत्येक ठोक्याला निजलेल्याला उठवायचं, काही नाही ना याची खात्री करायची आणि परत झोपवायचं. रुग्णालयात झोपेची गोळी द्यायला रुग्णाला उठवतात ते परवडलं, निदान रात्रीतून एकदाच उठवतात. २००७ साली २.६.२१ या आवृत्तीत हा प्रकार थांबवायची सोय झाली: कोअर रिकामा असेल तर पुढचा ठरलेला गजर कधी आहे ते बघायचं आणि तोवर ठोकेच बंद ठेवायचे. ठोके बंद झाले तसे इतर झोपमोड करणारे उघडे पडले. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप नावाचं एक चुगलखोर अवजार बाहेर काढलं. ते सरळ यादीच देई की तुमच्या प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा, कोणी कोणी उठवलं. अनेक नामांकित प्रोग्रॅम उगाचच दारावर टकटक करत असल्याचं निष्पन्न झालं आणि ते लिहिणाऱ्यांनी लाजेकाजेस्तव दुरुस्त्या केल्या. विंडोज ११मध्ये खालच्या पट्टीतल्या घड्याळात सेकंद दाखवायची सोय आहे. ती जिथे चालू करायची तिथेच कंसात लिहिलेलं आहे की याने वीज जास्त लागते. सेकंदकाटा फुकट फिरत नाही, एवढं कोणीतरी एकदा छापील कबूल केलं.

झोप किती गाढ घ्यायची हाही एक विषय आहे. डुलकीपासून गाढ निद्रेपर्यंत प्रोसेसरला अनेक पायऱ्या असतात. गाढ झोपेत वीज वाचते, पण निजायला आणि उठायला वेळ लागतो. निजल्या निजल्या उठावं लागलं तर वाचली त्याहून जास्त वीज खर्च व्हायची. म्हणून नुसतं ‘काम नाही’ कळून चालत नाही, ‘किती वेळ काम नसेल’ याचं भाकीत करावं लागतं. लिनक्समधला ‘मेन्यू’ नावाचा भाकीतकार पुढचा गजर तर बघतोच, शिवाय मागच्या आठ विश्रांती किती किती वेळ टिकल्या तेही ताडून पाहतो. पंचांगापेक्षा ही पद्धत बरी म्हणायची.

आता थोडं वाट पाहण्याबद्दल. रिकामं असणं आणि वाट पाहणं यांतला फरक बाहेरून दिसत नाही आणि माझ्या धंद्यातली बरीचशी जागरणं या एका फरकापायी झालेली आहेत. सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत असताना एका रात्री फोन आला की सगळं ठप्प आहे. आत शिरून पाहिलं तर लोड, म्हणजे किती जण कामासाठी खोळंबलेत तो आकडा, साठच्या वर आणि प्रोसेसर ९८ टक्के रिकामा. साहेब फोनवर होते.

“लोड किती म्हणालास?”

“साठच्या वर, सर.”

“म्हणजे यंत्र तुंबलंय.”

“नाही सर, यंत्र रिकामं आहे.”

“अरे, काहीतरी एक ठरव.”

दोन्ही खरं होतं. दुसऱ्या एका यंत्रावरची डिस्क नेटवर्कवरून जोडलेली होती आणि ते यंत्रच बंद पडलं होतं. तिथली फाइल मागायला गेलेला प्रत्येक प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत तिष्ठत उभा, आणि दर मिनिटाला नवे येऊन मिळताहेत. ज्याला मारूनही मारता येत नाही अशी ती अवस्था असते. लिनक्सच्या यादीत तिच्यापुढे ‘डी’ अक्षर दिसतं. प्रोसेसरला यांच्याकडून काहीच काम नाही, म्हणून तो रिकामा. पण १९९३ पासून लिनक्स लोड मोजताना असे तिष्ठणारेही धरतो. मातियास उरलिक्स यांनी तेव्हा ती दुरुस्ती सुचवली होती. त्यांचं म्हणणं असं की डिस्क मंद असली की यंत्र रखडतं, पण लोडचा आकडा मात्र खाली जातो, हा काय न्याय? म्हणणं रास्त होतं. साहेबांनाही शेवटी पटलं, पण दुसऱ्या दिवशीच्या अहवालात त्यांनी ‘यंत्रावर प्रचंड ताण’ असंच लिहिलं. ‘यंत्र प्रचंड रिकामं होतं’ असं वरच्यांना कोण कळवणार?

डिस्कची वाट पाहत रिकामं असण्याला लिनक्सने हिशेबात वेगळा रकाना केला आहे, ‘आयओवेट’. मात्र हा आकडा भरवशाचा नाही असं त्याच्या माहितीपुस्तिकेतच स्पष्ट लिहिलेलं आहे. नानांच्या विंडोजमध्ये तेवढाही रकाना नाही. डिस्कसाठी ताटकळणं त्या ९७ टक्क्यांतच जमा होतं. त्यांची जुनी फिरती हार्ड डिस्क शंभर टक्के गुंतलेली होती आणि प्रोसेसर तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. एसएसडी बसवल्यावर लॅपटॉप धावू लागला. शून्य क्रमांकाची टक्केवारी मात्र जवळपास तेवढीच राहिली, त्यामुळे नानांचा त्याच्यावरचा संशय अजून पुरता फिटलेला नाही.

यंत्र रिकामं आहे असं कळलं की त्याला काम लावायची घाई होणं हा माणसाचा स्वभाव. १७ मे १९९९ रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सेटी अ‍ॅट होम सुरू केलं. तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा स्क्रीनसेव्हरच्या आडून तो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत परग्रहवासीयांचा माग काढायचा. ५० लाखांहून अधिक लोकांनी आपलं रिकामपण दान केलं. ३१ मार्च २०२० नंतर नवीन काम वाटणं बंद झालं. परग्रहावरून कोणी बोललं नाही. असलेच कोणी, तर तेही रिकामे असतील. घरगुती पातळीवर हेच काम अँटिव्हायरस आणि फायलींची सूची करणारे प्रोग्रॅम करतात. मालक उठण्याची ते सभ्यपणे वाट बघतात. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात जातो न जातो तोच लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. यंत्र रिकामं आहे हे ओळखणारे इतके झालेत की ते बिचारं रिकामं राहतच नाही. आणि ते रिकामं आहे का हे बघायला ‘टॉप’ हा प्रोसेसर कोण किती वापरतंय याची यादी देणारा प्रोग्रॅम चालवावा, तर यादीत सगळ्यात वर टॉपच!

परवापरवापर्यंत आपण यंत्रांचं रिकामपण ओळखत होतो, आता यंत्रं आपलं ओळखतात. कचेरीच्या गप्पांच्या अ‍ॅपमध्ये नावापुढे हिरवा ठिपका असतो. काही मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नाही की तो पिवळा होतो. माणूस खिडकीबाहेर बघत एखादा अवघड गुंता सोडवत असेल, फोनवर गिऱ्हाइकाला समजावत असेल, ठिपक्याला त्याचं काय? त्याला फक्त कळा मोजता येतात. डॉस प्रोग्रॅम कीबोर्डला फार विचारतो म्हणून रिकामा ठरायचा, आपण कीबोर्डला पुरेसा हात लावत नाही म्हणून ठरतो. मग माउस आपोआप हलवत राहणारी यंत्रं बाजारात आली आणि २०२४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं नाटक वठवणाऱ्या डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. विंडोज ३.१च्या त्या चौकटीने हा खेळ तीस वर्षांपूर्वी खेळून झाला होता आणि त्यात कोण भरडलं जातं तेही दिसलं होतं. हालचाल मोजून काम मोजता येत नाही. मला तर हा ठिपका त्या चौकटीपेक्षाही बिनडोक वाटतो, कारण चौकटीतली फुली निदान काढता तरी यायची.

आमच्या आयटीत माणसाच्या रिकामपणाची रीतसर नोंद होत नाही असं नाही. हिंजवडीत त्याला ‘बेंचवर असणं’ म्हणतात. पण हे वाक्य कोणी मोठ्याने उच्चारत नाही. शुक्रवारी टाइमशीट भरताना बेंचवरचा मनुष्य ‘स्वयंअध्ययन’, ‘अंतर्गत उपक्रम’, ‘ज्ञानदेवाणघेवाण’ असे रकाने शोधत बसतो आणि तासांची बेरीज चाळिसावर नेऊन भिडवतो. खरं लिहिलं तर काय होईल याची प्रत्येकाला कल्पना असते. कर्नलचा शून्य क्रमांक तेवढा निर्धास्त आहे, कारण त्याला काढता येत नाही हे त्याला आणि सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर ‘प्रॉक’ या कप्प्यातली ‘अपटाइम’ ही फाइल एकदा उघडून बघा. तीत फक्त दोन आकडे असतात. पहिला, यंत्र चालू होऊन किती सेकंद झाले तो. दुसरा, त्यातले किती सेकंद रिकामे गेले तो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा दिसला तर गडबडून जाऊ नका, यंत्राचं गणित चुकलेलं नाही. ती सगळ्या कोअरच्या रिकाम्या वेळेची बेरीज असते.